आमच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला घड्याळ लावून बसले

मुग्धा_डॅलस

ऑगस्टात आमच्या कॉलनीचा बसस्टॉप हलवला. आधी कोपऱ्यावर होता, आता सहापदरी रस्ता ओलांडून पलीकडे. तीन मेल केले, दोन फोन केले, "बघतो" यापलीकडे उत्तर नाही. शेवटी शेजारीण म्हणाली, अगं बोर्डाच्या मीटिंगला जा, तिथे कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. बारा वर्षं झाली इथे राहून, दोन पोरं याच शाळांत, पण बोर्डाची पायरी कधी चढले नव्हते.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं. इथला 'शाळा जिल्हा' म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शहराच्या हद्दीशी त्याची हद्द जुळेलच असंही नाही. त्याचा कर वेगळा, आणि घराच्या कराच्या बिलात सगळ्यात मोठा घास त्याचाच. वर सात निवडून आलेले ट्रस्टी, तेच बोर्ड. टेक्ससमध्ये त्यांना या कामाचा पैसा मिळत नाही. शाळा रोज चालवणं हे त्यांचं काम नाही, ते सुपरिंटेंडंटचं. त्याला नेमायचं, त्याचं दरवर्षी मूल्यमापन करायचं, बजेट आणि कराचा दर मंजूर करायचा, धोरण ठरवायचं आणि मुलं शिकतायत की नाही यावर नजर ठेवायची, एवढं बोर्डाकडे.

तर माझी तीन मिनिटं. समोर छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. मी पोटतिडकीने बोलले. अध्यक्षबाईंनी मान डोलावून "थँक यू" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. नंतर कळलं की बसस्टॉप अजेंड्यावर नव्हता, आणि जे अजेंड्यावर नाही त्यावर बोर्डाला चर्चा करता येत नाही. कायदाच तसा आहे.

घरी यायला हवं होतं, पण नवरा गाडी घेऊन मोठीच्या व्हॉलीबॉलला गेलेला. बसले. पेशाने टेस्टर, मोजायची खोड. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं.

मीटिंग ३ तास ५२ मिनिटं चालली. त्यात पहिली ३८ मिनिटं सत्कार. बँडची मुलं, रोबोटिक्सची मुलं, बसचालकांचा सप्ताह, प्रत्येकाचा फोटो. फोटो संपले आणि आईबाप पोरांना घेऊन उठले, हॉल रिकामा. मग नागरिकांचं बोलणं. मग 'कन्सेंट अजेंडा' नावाचा गठ्ठा, त्यात ३१ बाबी, बसखरेदीपासून छपराच्या दुरुस्तीपर्यंत कोट्यवधींचा मामला, हात वर, मंजूर, २ मिनिटं. बंद दाराआड ५५ मिनिटं, तेव्हा आम्ही चार टाळकी बाहेर व्हेंडिंग मशीनशी. बाँडच्या (म्हणजे लोकांच्या मताने काढलेल्या कर्जाच्या) बांधकामांवर ३१. आणि स्टेडियमच्या नव्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, ४७! हिरव्याची कोणती छटा, हमी आठ वर्षांची की दहा, सगळ्या सातही जणांना मत होतं.

तिसरीच्या वाचनाचा अहवाल आला रात्री पावणेअकराला. ११ मिनिटं.

आता त्या ११ मिनिटांतली गंमत. इथली राज्य परीक्षा तिसरीपासून सुरू होते, निकालाच्या चार पायऱ्या. सगळ्यात खालची नापासाची. तिच्या वरची 'अ‍ॅप्रोचेस', म्हणजे पास, पण इयत्तेच्या पातळीला अजून पोचलेलं नाही. त्यावर 'मीट्स', म्हणजे पोचलं. मग 'मास्टर्स'. स्लाइडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत आकडा होता तो 'अ‍ॅप्रोचेस'चा. 'मीट्स'चा आकडा तळाशी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळ्यात खालची ओळ असते त्या मापाचा. सहा जण "छान प्रगती" म्हणाले. सातव्या बाई, निवृत्त ग्रंथपाल आहेत असं नंतर कळलं, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "गेल्या वर्षी जी मुलं वाचू शकत नव्हती, ती आता चौथीत आहेत. ती कुठवर आलीत?"

सुपरिंटेंडंटसाहेबांनी शेजारी पाहिलं. शेजारच्या बाईंनी लॅपटॉप पाहिला. "आम्ही माहिती घेऊन कळवतो." पुढचा विषय.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडचं बोर्ड काय करतं? कुणी जातं का?

---

आयटीतला_मावळा

रुमाल टाकून ठेवतो. एक बेसिक शंका: एच-वन व्हिसावाल्यांना मत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. मग त्या बोर्डाने आपलं का ऐकावं?

---

मुग्धा_डॅलस

@मावळा, मलाही मत नाही हो. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. पण कर भरतोय, पोरगी त्यांच्या वर्गात आहे. आणि बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत, फक्त नाव आणि विषय लिहायचा कागद. अजेंड्यावरच्या विषयावर बोलू द्यावंच लागतं, २०१९ पासून तसा राज्याचा कायदा आहे. बसस्टॉप अजेंड्यावर नव्हता, तिथेच अडलं.

---

खडूस

टर्फला ४७ आणि वाचनाला ११, यात नवल काय? टर्फ सगळ्यांना कळतं. वाचन शिकवणं हे शास्त्र आहे, त्यात ट्रस्टी काय बोलणार? एक इस्टेट एजंट, एक दंतवैद्य, एक चर्चवाले. सुपरिंटेंडंटला गलेलठ्ठ पगार देता ना? मग त्याला त्याचं काम करू द्या. हौशी लोकांनी लुडबुड केली की शाळांचं वाटोळंच होतं.

---

न्यूजर्सीकर

खडूस, अर्धं पटलं. बोर्डाने कसं शिकवायचं ते सांगू नये, हे खरं. पण शिकले का हे विचारायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. स्वयंपाक येत नसला तरी भात कच्चा आहे हे सांगता येतं.

आमच्याकडे नऊ जण असतात, तीन वर्षांची मुदत, बिनपगारी. निवडून आल्यावर प्रशिक्षण सक्तीचं. राज्य दर तीन वर्षांनी जिल्ह्याला तपासतं, पाच खान्यांत: अध्यापन, पैसा, कारभार, कर्मचारी आणि 'ऑपरेशन्स'. प्रत्येक खान्यात ८० टक्के लागतात. तपासणीचं वर्ष आलं की आपल्याकडे शाळा-तपासणीला रांगोळी काढायचे तसंच वातावरण. फायली जुळवणं, पॉलिसीच्या तारखा नव्या करणं. तीन वर्षं ज्या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही त्यावर एकाच रात्री तीन ठराव.

इथे आणखी एक भानगड आहे. गुंडगिरीविरोधी कायदा, २०११ पासून. शाळेत एका पोराने दुसऱ्याला छळल्याची चौकशी झालेली प्रत्येक तक्रार बोर्डापुढे येते, नावं काढून, नुसते क्रमांक. बोर्डाने मान्य करायचं, बदलायचं किंवा फेटाळायचं. मुलांचं बरंच भलं झालं यात शंका नाही, पण वेळ कुठे जातो तेही कळतं.

आणि पैसा. गावाला शाळेसाठी करात वर्षाला साधारण २ टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही, २०१० च्या सुमाराची मर्यादा. आरोग्य विमा आणि पगार त्याहून वेगाने वाढतात. म्हणून दर एप्रिलात तेच: संगीत शिक्षक काढायचा की बसफेरी? त्या रात्री मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपली माणसंही तेव्हाच दिसतात, एरवी नाही. (मीही त्यातलाच, कबूल.)

---

बे_एरियातली

आमच्याकडचा वेगळाच प्रकार. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला घरं इतकी महाग की लहान मुलांचे आईबाप राहूच शकत नाहीत. पट घसरत गेला, शेवटी प्राथमिकच्या बोर्डाला शाळा बंद कराव्या लागल्या, २०२२ मध्ये. निकाल उत्तम, तरी शाळा बंद! झूमवरच्या त्या मीटिंगा रात्री एक-एक वाजेपर्यंत. माझ्या मैत्रिणीच्या पोराची शाळा गेली. ती म्हणाली, इतकी वर्षं बोर्ड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आता ओळख झाली तीही अशी.

आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकांनी मतदान करून बोर्डाच्या तिघांना मुदतीआधी घरी पाठवलं. शाळा कोविडमुळे बंद आणि बोर्ड शाळांची नावं बदलण्यात गुंतलेलं, हा मुख्य राग. मुग्धाच्या टर्फचा मोठा भाऊ म्हणा.

---

बायूकाठचा

मी ह्यूस्टनचा. आमच्याकडे काय झालं ते ऐका, मग टर्फवर हसा.

२०१५ चा राज्याचा कायदा असा की एखादी शाळा सलग पाच वर्षं नापास झाली तर एकतर ती शाळा बंद, नाहीतर सगळ्या जिल्ह्याचं निवडलेलं बोर्ड बाजूला. आमच्या व्हीटली हायस्कूलवरून हे सुरू झालं. २०१९ ला राज्याने पाऊल उचललं, कोर्टकचेरी झाली, जानेवारी २०२३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला, आणि १ जून २०२३ ला जवळपास १ लाख ९० हजार विद्यार्थ्यांचा जिल्हा राज्याच्या ताब्यात. निवडलेल्या नऊ जणांच्या जागी नेमलेले नऊ. सुपरिंटेंडंटही राज्याने आणलेला, माइक माइल्स.

पुढचं तुम्ही कुणाला विचाराल त्यावर आहे. गुण वाढले, हे खरं. २०२५ च्या निकालात एफ (नापास) श्रेणीची एकही शाळा उरली नाही. पण माझ्या मुलाच्या शाळेत दर काही मिनिटांनी टायमर वाजतो, बऱ्याच शाळांतली ग्रंथालयं बंद झाली, आणि चांगले शिक्षक सोडून गेले. नोव्हेंबर २०२४ ला ४.४ अब्ज डॉलरचा बाँड मतदानाला आला. जुन्या इमारती, शिसं असलेल्या पाइपलाइनी, सगळी खरीच कामं. लोकांनी सपशेल पाडला. फलकांवर लिहिलेलं, "विश्वास नाही तर बाँड नाही". नेमलेल्या बोर्डाविरुद्ध मत देता येत नाही, म्हणून लोकांनी बाँडवर मत दिलं.

मुग्धा, तुम्ही जे स्टॉपवॉच लावलंत ना, त्याचा इथे सरकारी फॉर्म आहे. राज्याच्या शिक्षण खात्याचा बोर्डांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे, त्यात मीटिंगची मिनिटं मोजून लिहितात: मुलांच्या शिकण्यावर किती आणि बाकी कशावर किती. निम्मा वेळ तरी शिकण्यावर जावा, असं त्यांचं म्हणणं. तुमचे ११ भागिले २३२ म्हणजे पाच टक्केही नाहीत. आणि वाचनाचा तो अहवालही कुणाच्या मर्जीचा नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे बोर्डाने तिसरीच्या वाचन-गणिताची पाच वर्षांची उद्दिष्टं ठरवायची आणि दरवर्षी आढावा घ्यायचा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ती असायलाच हवीत. शोधा, सापडतील. तिथे 'मीट्स'चा आकडा दिलेला असेल.

---

अजय_अनुत्तरित

अवांतर: टर्फ उन्हात भयंकर तापतं. पोरांच्या बुटांचे तळवे मऊ होतात. ४७ मिनिटांत हे कुणी बोललं का?

---

मुग्धा_डॅलस

@अजय, नाही. छटेवर बोलले.

@बायूकाठचा, सापडलं! चार क्लिक खाली, पीडीएफ, पान ९. बोर्डानेच ठरवलेलं उद्दिष्ट 'मीट्स'चं आहे, आणि त्या रात्री मोठ्या अक्षरांत दाखवलं ते भलतंच. उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं, आणि त्या हॉलमध्ये ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

---

झेडपीचे_गुरुजी

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर आहे. तुमचं बोर्ड आणि आमची शाळा व्यवस्थापन समिती यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या समितीला कर नाही, शिक्षक नेमायचा अधिकार नाही, शिक्षक सोडा, शिपाईसुद्धा नाही. शिक्षण हक्क कायद्याने पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि कारभारावर लक्ष ठेवायचं, असं कागदावर. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर गावभर फिरून सह्या घेऊन येतं, सभा भरलेलीच नसते.

आणि भरली तरी तुमच्यासारखंच. खिचडीचा तांदूळ, शौचालयाचं पाणी, कंपाउंड वॉल, गणवेश. गणवेशाचं तर बघा, २०२४-२५ ला खरेदी समितीकडून काढून राज्यपातळीवर नेली, कापड यायला इतका उशीर की पोरं दिवाळीनंतरही जुन्याच कपड्यांत, मग पुढच्या वर्षासाठी अधिकार पुन्हा समितीकडे. एवढ्या घोळात वाचनाचं कोण विचारणार?

दोन वर्षांमागं मी एक केलं. सभा सकाळी सातला ठेवली, रानात जायच्या आधी, म्हणजे आयाबाया येतात, मजुरी बुडत नाही. तक्ते-बिक्ते काही नाही. तिसरीतली पोरं एकेक करून उभी केली, पुस्तक हातात, वाच म्हटलं. एक पोरगा धडाधडा वाचत सुटला. मी खूष. मागून त्याची आई, तिला स्वतःला अक्षर ओळख नाही, ती म्हणाली, "गुरुजी, वाचालाय कुठं, पाठ म्हनालाय की. बोट वरच्याच वळीवर हाय."

बघितलं तर खरंच. धडा संपला तरी बोट पहिल्या ओळीवर. वर्षभर मी त्याला 'वाचतो' म्हणून धरत होतो. माझ्या नोंदवहीत, केंद्रप्रमुखांच्या अहवालात, ऑनलाइन पोर्टलवर, सगळीकडे तो वाचणारा.

तेव्हापासून दर सभेत पहिला विषय हाच. पंधरा-वीस मिनिटं पोरं वाचतात, नवीन पानावरून, पाठ नसलेल्या. खिचडी त्यानंतर.

---

सुलभाकाकू

गुरुजी, नमस्कार तुम्हाला. वळीवर हाय... वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या लहानपणी आजी 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायची. १९२३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे आल्या, त्यांचं स्कूल बोर्ड असायचं. म्हणजे 'स्कूल बोर्ड' हा शब्द काही अमेरिकेहून आलेला नाही हो, आपल्याकडे शंभर वर्षं जुना. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यात तो शब्द गेला. शहरांत शिक्षण मंडळं राहिली, तीही शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने मोडीत काढली. आमच्या महापालिकेच्या मंडळाच्या बातम्या यायच्या त्या दप्तरं नि रेनकोटांच्या. पोरांना किती येतं याची एकही बातमी वाचल्याचं आठवत नाही.

---

खडूस

काकू, म्हणूनच म्हणतो, मंडळ नको.

---

न्यूजर्सीकर

मंडळ काढून कोण विचारायला लागलं मग? २०२२ ला मुदत संपल्यावर जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. शिक्षण समितीत सभापतीच नाही. त्या काळात वाचन सुधारलं का?

---

झेडपीचे_गुरुजी

सुधारलं-बिघडलं मी सांगू शकत नाही. एक सांगतो. सभापती असताना छप्पर गळतंय म्हणून भांडायला एक माणूस तरी होता. प्रशासकाकडे अर्ज द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा, आणि बादली लावायची.

---

आयटीतला_मावळा

गुरुजी रॉक्स. मुग्धाताई, पुढे काय झालं? धागा अर्धवट सोडू नका.

---

मुग्धा_डॅलस

उशिराबद्दल माफी. मधे दोन मीटिंगा झाल्या.

पहिल्या वेळी अजेंड्यात शोधलं, वाचन कुठेच नाही. बोलले तरी बोर्डाला चर्चा करता येणार नाही, त्यामुळे गप्प. दुसऱ्या वेळी सुपरिंटेंडंटच्या मूल्यमापनाची रूपरेषा अजेंड्यावर होती, त्यावर नाव दिलं. गुरुजी, तुमची गोष्ट सांगितली. इंग्रजीत 'वळीवर हाय' काही जमलं नाही, पण बोट दाखवलं, माझंच, कागदाच्या पहिल्या ओळीवर ठेवून. मग पान ९ चा आकडा वाचला आणि विचारलं की सुपरिंटेंडंटचं मूल्यमापन या आकड्यावर होणार की हिरव्या अक्षरातल्या? दिवा लाल झाला तेव्हा दोन वाक्यं उरली होती.

ग्रंथपालबाई टिपून घेत होत्या. एका ट्रस्टीने मोबाईल पाहिला. अध्यक्षबाई "थँक यू" म्हणाल्या, त्याच सुरात.

परवा नवीन अजेंडा लागला. वाचनाचा मधल्या चाचणीचा अहवाल चौदाव्या नंबरवरून पाचवर आलाय, सत्कारांच्या लगेच नंतर. चौथीत गेलेल्या त्या मुलांचं उत्तर मात्र अजून नाही. बाईंना मेल केला तर त्यांनी लिहिलं की जिल्ह्याकडे शाळावार आकडे आहेत, तीच मुलं पुढे कुठे गेली हे जोडून कुणी पाहिलेलंच नव्हतं, आता जोडतायत. सहा महिने लागले एवढ्याला. मी स्टॉपवॉच चार्ज करून ठेवलंय.

---

न्यूजर्सीकर

पाचवर आला हे थोडं नाही. हॉलमध्ये पालक बसलेले असताना तरी वाचला जाईल.

---

खडूस

सत्कार झाल्यावर पालक उठून जातात, असं तुम्हीच लिहिलंय.

---

मुग्धा_डॅलस

हो. बँडवाल्या दोन आयांना आत्ताच फोन केलाय, थांबा म्हणून. एक थांबते म्हणाली.

---

अजय_अनुत्तरित

ते सगळं ठीक. पण बसस्टॉपचं काय झालं?

---

मुग्धा_डॅलस

तिथेच आहे. रोज मी रस्ता ओलांडून देते.